दोन चमचे मीठ

क्लाऊनफिशची जोडी मी इंदूरहून आणली ती फेब्रुवारीत. बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, पाण्याच्या पिशवीत एकमेकांना चिकटून बसलेली. दुकानदार भला माणूस होता. "मैडम, पानी कम होने लगे तो..." असं काहीतरी तो सांगायला लागला आणि मी त्याला मध्येच तोडलं. "हाँ हाँ, मुझे सब पता है." महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी सगळ्या समुद्रांची जाणकार झाले होते. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मला धीर नसतो. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढली की माणूस असाच होतो, असं मी म्हणते. नवरा म्हणतो, लग्नाच्या आधीही अशीच होती.

माधव नगरातल्या आमच्या बैठकीत, सोफ्याच्या शेजारी साठ लिटरची काचेची टाकी आली. त्यात आरओचं पाणी आणि पाकिटातलं समुद्री मीठ. सासूबाईंना सुरुवातीला ही सगळी थेरं वाटली. "क्षिप्रा पुरत नाही का तुला, समुद्र घरात आणलास तो?" असं म्हणाल्या. पण आठ दिवसांत खुर्ची ओढून टाकीसमोर त्याच बसायला लागल्या. हे मासे लहानपणी सगळे नरच असतात, मग जोडीतला जो वरचढ ठरतो तो मादी बनतो आणि पुढे तिचंच राज्य चालतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. धाकटा मोठीसमोर आला की अंग थरथरवून दाखवायचा, की बाई, तूच थोर. "बघ रे, काही शिक," असं त्या माझ्या नवऱ्याला म्हणायच्या. माशांना दाणे घालायचं काम आपोआपच त्यांच्याकडे गेलं.

मे महिन्यात माझ्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि मला दहा दिवस नागपूरला जावं लागलं. ऊन मी म्हणत होतं, कूलर दिवसभर चालायचा आणि टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जात होतं. निघायच्या घाईत मी चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. पाणी कमी झालं की टाकीवरच्या रेघेपर्यंत भरणे. दर तांब्याला दोन चमचे मीठ. नीट ढवळणे.

सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "चमचा सपाट की शीग लावून?" त्यांनी विचारलं.

"सपाट," मी चपला घालताना म्हटलं.

परत आले तेव्हा काचेच्या काठावर मिठाची पांढरी किनार धरली होती. मोठी तळाशी कुशीवर पडली होती, नुसते कल्ले भराभरा हलत होते. खारेपणा मोजायच्या यंत्राचा काटा पार टोकाला गेला होता. मी निम्मं पाणी बदललं, पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती गेली. धाकटा कोपऱ्यात पंपामागे लपून होता. तो तेवढा वाचला.

हातात जाळी, जाळीत मासा, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "आई, मीठ किती घातलंत तुम्ही?"

"तू लिहिलंस तेवढंच, ग. दोन चमचे."

नवऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "दोनदा टाकलं असेल, आई. त्या दिवशीच्या वरणासारखं."

त्या वर्षात एक-दोनदा सासूबाईंच्या हातून भाजीत, वरणात दोनदा मीठ पडलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली होती. आता त्या स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत राहिल्या. "टाकलं असेल बाई," त्या म्हणाल्या. "आजकाल ध्यान नाही राहत." मलाही तेच खरं वाटत होतं.

सोमवारी बँकेच्या देवास गेट शाखेतून, जेवणाच्या सुट्टीत, मी दुकानदाराला फोन लावला. धाकट्याला जोडी हवी होती. झाला प्रकार ऐकून तो म्हणाला, "मैडम, उड़ता तो पानी है, नमक थोड़े ही उड़ता है. कम हुआ तो सादा पानी डालना था. मैं उस दिन वही तो बता रहा था."

चौथीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. दर उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तो मीच खरवडून काढते. सासूबाईंचा एक चमचाही चुकला नव्हता. मी लिहिलेली चूक त्यांनी दहा दिवस, सपाट चमच्याने, इमानदारीने पाळली होती.

घरी जाऊन सांगायचं असं ठरवूनच मी ऑटोत बसले. घरात पाऊल टाकलं तर सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या, "दर शनिवारी मी अळणी जेवणार. वर्षभर. माझ्या हातून जीव गेलाय." तो हसला. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरची चिठ्ठी काढली, फाडली आणि चहाच्या चोथ्याखाली दाबून टाकली. लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. शनिवारी सासूबाई अळणी वरण-भात कालवायच्या आणि मी ताटावरून लवकर उठायचे. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी मीठ घालणंच सोडलं. सकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आणि मला हाक मारायच्या, "मीठ तू टाक, ग." चौऱ्याहत्तर वर्षांची सुगरण बाई, आणि चिमूटभर मिठासाठी माझी आंघोळ व्हायची वाट बघत गॅस बारीक करून उभी राहायची. टाकीसमोरची खुर्ची भिंतीला लागली. धाकट्याला दाणेही मीच घालू लागले. दुसरा मासा आणायचा धीर मला झाला नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. नैवेद्याचं काहीच आधी चाखायचं नसतं. सोळा भाज्या, कढी, कटाची आमटी, सगळ्यातलं मीठ नुसत्या अंदाजाने पडतं. लग्न होऊन आल्यापासून आमच्याकडे तो अंदाज सासूबाईंचाच आणि पंगतीत कधी कोणी वरून मीठ मागितलेलं मी पाहिलं नाही. त्या दिवशी आमटीला उकळी आली आणि त्यांनी मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली. "तू टाक. देवीचं आहे. माझ्या हाताचा भरोसा नाही."

मी मूठभर मीठ घेतलं. हात आमटीवर धरला आणि मीठ परत बरणीत टाकलं.

"आई, मासा तुमच्या हातून नाही मेला. चिठ्ठीच चुकीची होती. सादं पाणी घालायचं होतं, मी मीठ लिहिलं."

त्यांनी गॅस बारीक केला. "तुला कधी कळलं?"

हाच प्रश्न त्या विचारतील हे मला माहीत होतं. "मासा मेला त्यानंतर दोन दिवसांनी."

त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "चिठ्ठी कुठे आहे?"

"फाडली."

"सरक," त्या म्हणाल्या. बरणी घेतली आणि एकेका पातेल्यात मीठ टाकत गेल्या, न थांबता, माझ्याकडे न बघता. पंगतीत कोणीही मीठ मागितलं नाही. पाहुण्यांसमोर त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, पाहुणे गेल्यावर एक शब्द नाही. महालक्ष्म्यांची बोळवण झाली तरी नाही.

शनिवारी सकाळी बैठकीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सासूबाई टाकीसमोर बसून धाकट्याला दाणे घालत होत्या. दुपारी ताटं त्यांनीच वाढली. त्यांच्या ताटात लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ होतं. माझ्या ताटात नुसती फोड. मी वरणाचा घास घेतला, तो अळणी होता. भाजीही अळणी. मी वर बघितलं.

"मे महिन्यापर्यंत," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला पोळी वाढली.