पंखाच्या आतली अक्षरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

२००४ साली मी मिशिगनमध्ये मेटलर्जीत एमएस करत होते. शनिवारी एका छोट्या विमान-संग्रहालयात व्हॉलंटियर म्हणून जायचे. तिथल्या शेडमध्ये पॅसिफिकमधल्या बेटावरून आणलेलं जपानी लढाऊ विमान होतं — म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. महायुद्धात पडलेलं, साठ वर्षं जंगलात कुजलेलं. शेड सांभाळणारे वॉल्टर, रिटायर्ड मेकॅनिक, एकेका स्क्रूला चिठ्ठी लावून ठेवायचे.

मला धातूचं वेड. पत्रा इतका पातळ, इतका हलका — मग हाताखाली चुरा का होतो? आत नेमकं काय घडलं असेल? राहवेना. वॉल्टरना न विचारता पंखाच्या पत्र्याचा एक तुकडा कापला आणि लॅबमध्ये नेला.

आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. चार जपानी अक्षरं, वाकडी, घाईतली. वाटलं, असेल पार्ट नंबर. खरंच वाटलं? नंबर असा लिहितात? साधा फोटो काढायला कितीसा वेळ लागला असता? मी सँडपेपर घासला, अक्षरं पुसून गेली, पॉलिश केलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं. धातूच्या आतली कणांची नक्षी इतकी सुंदर दिसली की मैत्रिणीला बोलावून दाखवलं.

महिन्याभरानं संग्रहालयात एक जपानी आजी आल्या, मुलीबरोबर. मुलगी इंग्रजीत सांगत होती — युद्धात आईला शाळेतून काढून विमानाच्या कारखान्यात लावलं होतं. पंखांना रिव्हेट मारायला. पत्रा लावून पंख बंद करण्याआधी मुली आत आपली नावं लिहायच्या. त्यातल्या बऱ्याच जणी कारखान्यावरच्या बाँबहल्ल्यात गेल्या.

“आई विचारतेय, आत कुठं नाव सापडलं का?”

वॉल्टरनी माझ्याकडे पाहिलं. पंखाचं काम माझ्याकडे होतं ना.

“नाही,” मी म्हणाले. “काहीच नव्हतं.”

कशाला घाबरले होते मी? वॉल्टर रागावतील म्हणून. बस — एवढ्यालाच.

आजी हसल्या, किंचित वाकून आभार मानले. माझे!

वॉल्टरनी त्यांचा पत्ता लिहून घेतला. पुढचे कित्येक शनिवार ते उरलेला एकेक पत्रा उलटा करून नाव शोधत राहिले. टॉर्च मी धरायचे.