मडमचा तिसरा गिअर

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका, म्हणजे आबांइतका, वेगात बसणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. वेगात चालणारे, पळणारे, बोलणारे पुष्कळ आहेत. पण हा माणूस नुसता खुर्चीत टेकला तरी बघणाऱ्याला वाटतं, धरा रं, खुर्ची सुटली! उजवा पाय सदा अर्धा दाबलेला, डावा हात मांडीशेजारच्या न दिसणाऱ्या दांड्यावर, आणि मान वळणाआधीच वळलेली. जेवताना कुणी आमटीचं पातेलं घेऊन फार जोरात आलं की यांचा पाय पाटाजवळ करकचून ब्रेक दाबतो. झोपाळ्यावर बसले की पुढे जाताना गिअर वर, मागे येताना खाली. कांदा चिरायचा झाला तर तरुणपणीचा रेसचा गॉगल लावून चिरतात, आणि स्वयंपाकघरात शिरणाऱ्याला वाटतं, आता ही विळी उडणार.

ताईला बघायला ते आमच्या खालापूरच्या घरी आले, तिथपासून ही ओळख. बाकीच्या पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, पोह्यांना छान म्हटलं, नाक-डोळे बघून घेतले. हे आमच्या पंख्याकडे कान लावून बसले होते, कारण त्याचं बेअरिंग गेलं होतं. आता निघणार, चपला घालणार, तेवढ्यात म्हणाले, "पोरीला क्लच कळतो का?"

आमच्या वडिलांच्या आधी ताईच म्हणाली, "स्कूटी येते मला."

"स्कूटीला क्लच नसतो, बाय," आबा म्हणाले. कुणाच्या घरी वाईट झालेलं सांगताना आवाज होतो ना, तसा आवाज. मग स्वतःच सावरले. "आसू दे. शिकवू." लग्न ठरलं.

कळंबला त्यांची भाताची गिरणी. गिरणीच्या कडेच्या गाळ्यात, जिथं शहाणी माणसं कोंड्याची पोती ठेवतील तिथं, मडम राहते. मडम म्हणजे आबांची रेसची गाडी. इंग्लंडची. कंपनीचं नाव आबा उभं राहून उच्चारतात, त्यामुळे मी बसल्या बसल्या लिहीत नाही. दोनच सीट, छप्पर नाही. होतं एक कापडाचं, ते उंदरांनी खाल्लं. आणि बुटकी इतकी की आत बसायचं नसतं, विहिरीत उतरल्यासारखं उतरायचं असतं. रंग एके काळी लाल होता म्हणतात, आता जुन्या मसाल्याच्या डब्यासारखा झालाय. विशीत असताना आबांनी ती मुंबईच्या एका पारशी शेठकडून घेतली, कारण शेठच्या बायकोनं सांगितलं होतं, घरात एक तर ती राहील नाही तर मी. त्या पारशीणबाईंचे आपल्या घरावर उपकार आहेत, असं आबा दर दिवाळीला सांगतात.

मग हा गिरणीवाल्याचा पोरगा मडम घेऊन थेट मद्रासकडे. तिथं लढाईच्या काळातली विमानांची एक पडीक धावपट्टी होती. डांबराची पिंपं उभी करून वळणं केलेली. बाकीचे आले ते तंबू, आचारी, मेकॅनिक घेऊन. कुणी संस्थानिकाचा पोरगा, कुणी चहाच्या मळ्याचा मालक. आणि आबा तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि एक गोणपाट घेऊन. गोणपाट मडमखाली अंथरून झोपायचं. गाडीवर नंबर घातला तोही चुन्यानं.

ही रेस आबा गॉगल लावून ताटावर सांगतात. तोंडी सांगत नाहीत, ताटावर. लिंबाची फोड म्हणजे मडम, लोणच्याची बरणी म्हणजे संस्थानिक, मीठ म्हणजे पिंपाचं वळण, आणि पापड म्हणजे ज्याची गाडी पेटली तो. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. भाकरी मोडली आणि लोणच्याला हात घातला. आबांनी माझं मनगटच धरलं.

"थांब रं पावन्या! दुसऱ्या चकरेत हाय तो!"

रेस संपेपर्यंत भाकरी कोरडी खाल्ली. पण काय सांगतात हो! लिंबू बरणीच्या आतून घुसतं, मिठाला घासून निघतं, डाळीच्या वाटीत लाटा उठतात. "वळण कापायचं नसतं," आबा ओरडतात, "वळण सोलायचं आसतं! संत्र्यावानी! साल निघाली पायजे, रस सांडता कामा नये!" आणि लिंबू ताटाच्या कडेवरून सुटतं ते थेट भाऊजींच्या मांडीवर. कुणी विचारलं, "मग आबा, नंबर कितवा आला?" की आबा गॉगल वर करून म्हणतात, "आता हे काय इचारनं झालं? पयला!" घरात कप कसा नाही, हे विचारायचं नाही. चहाचे आहेत तेवढे पुरेत.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. बापाच्या वाट्याचा सगळा सावधपणा देवानं पोराला दिलाय. रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडे बघून परत घरात येतात. त्यांना आबांच्या शेजारी बसून मुरबाड रस्त्यानं जायची शिक्षा अनेकदा झालीय. घरची साधी चारचाकी, पण आबांच्या हातात आली की तिला वळण सोलावं लागायचं. समोरून रिसॉर्टची बस यायची, डाव्या हाताला म्हशी, आणि आबा भाऊजींना सांगायचे, "डोळे काय मिटतोस? शीक की वाईच!"

आता माझं. मी नकल्या आहे. शाळेत मास्तरांची नक्कल करून अंगठे धरले, पुढे तोच धंदा झाला. आता गणपतीत, हळदीला, बैलगाड्यांच्या शर्यतीला माइक माझ्याच हातात. ताईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बारक्या, माझ्या सासरी तुझी थेरं नकोत." मी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी गिरणीतल्या पोरांपुढे पोत्यावर बसून आबा झालो. गॉगल म्हणून दोन बोटं, पाय अर्धा दाबलेला, तोंडानं इंजिन. पोरं हसता हसता एकदम थांबली. मागे आबा.

ताईचं लग्न मोडलं, असंच वाटलं मला. आबा जवळ आले, डोकं कलतं करून म्हणाले, "तिसरा चुकला. परत कर."

तिथून शिकवणी सुरू झाली. "पयला रडतो," आबा सांगायचे, "दुसरा भांडतो. तिसरा गातो. आन चौथ्यात गाडी बोलतच नाय, निस्ता वारा बोलतो." रडणं-भांडणं मला जन्मजात येतं आणि वारा सोपा असतो. तिसरा काही जमेना. जमणार कसा, मी तो ऐकला कुठं होता? मडमचं पोट जमिनीला लागायला आलेलं. गावातले खड्डे आणि गतिरोधक बघता ती गिरणीपासून देवळापर्यंत जायची आणि यायची, तीही दुसऱ्यातच. तिसरा गिअर पंचक्रोशीत आबांशिवाय कुणीच ऐकलेला नव्हता. मी करून दाखवायचो, आबा मान हलवायचे. "हा तर पानी काढायचा पंप झाला. परत कर."

ताईलाही त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे क्लच शिकवला, पण गिरणीच्या टेंपोवर. कोंड्याची पोती भरून, चढावर थांबवून. महिन्याभरात ती टेंपो असा न्यायला लागली की आबा गिरणीच्या दारातून बोंबलायचे, "सोललं गं, सोललं!" मडमच्या उजव्या सीटवर मात्र आबांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. मी एकदा नुसता पुसायला म्हणून उतरलो, तर घसा खाकरून मला बाहेर काढलं.

गेल्या वर्षी आबांनी मडम देवळाकडे नेता नेता पेंढ्याच्या उडवीत घातली. नाकावर पेंढा, गॉगलमध्ये पेंढा. म्हणाले, "उडवी आडवी आली." भाऊजींनी त्यांना कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं, समोरचं नाही, आणि हे आता मागे फिरायचं नाही. गाडी बंद.

"रेसमदी समोर बगायला काय आसतं?" आबांनी त्यांना विचारलं. "पुढं तर मीच आसतो."

हसलो आम्ही. पण किल्ली भाऊजींच्या खिशात गेली. आणि बातमी फुटल्यावर आठवड्यात एक रिसॉर्टवाला दारात. त्याला मडम हवी होती. चालवायला नाही, बागेत ठेवायला. बॉनेट काढून आत झेंडू लावणार, पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढणार. टेप घेऊन आला होता. कुंड्या किती मावतील ते मोजत होता.

"मडमच्या पोटात झेंडू?" आबा उठून उभे राहिले.

"आबा, गाळ्यात गंजन्यापरीस बरं नाय का?" भाऊजी हळूच म्हणाले. वाईट त्यांनाही वाटत होतं. "ठिवून करायचं काय? चालवनार कोन?"

आबा परत बसले. तेव्हा मी बघितलं, त्यांचा उजवा पाय जमिनीला सगळा टेकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रिसॉर्टवाला रविवारी गाडी उचलायला येणार ठरलं. आणि रविवारीच गावच्या माळावर बैलगाड्यांची शर्यत होती. आदल्या संध्याकाळी मी माइक बघायला माळावर गेलो, तर पट्टीवर आबा अनवाणी चालत होते. भात कापून झाल्यावर तिथं रोलर फिरवतात, दगड वेचतात, पाणी मारतात. बैलाच्या खुराला खडा लागता कामा नये. लांब, सरळ, पाटीसारखी गुळगुळीत पट्टी. आबांनी तळवा दाबून बघितला.

"आगदी मद्रास," म्हणाले. "उद्या बैलांना पानी दावतील तवा ही रिकामी आसंल ना रं?"

मी हो म्हणालो, आणि मग माझ्या ध्यानात आलं. समोरचं न दिसणारा माणूस, आणि दोन्ही कडांना अख्खा तालुका.

रविवारी फायनलच्या आधी बैल पाण्यावर गेले आणि पोरांनी मडम ढकलत आणली. आबा उजव्या सीटवर. गॉगल, कातडी टोपी, बॉनेटवर चुन्याचा नंबर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. रिसॉर्टवाला टेंपो घेऊन कडेलाच उभा. आणि पट्टीच्या मधोमध भाऊजी, दोन्ही हात पसरून.

"आबा, तुमी चालवायची नाय! माज्या आंगावरनं न्या मंग!"

 माइक माझ्या हातात, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याचं बटण बंद केलं.

आबांनी गॉगल काढला. मडममधून चढून बाहेर आले, बॉनेट चाचपत पलीकडे गेले आणि डावीकडच्या सीटवर उतरले. मग गर्दीकडे तोंड करून, नेमकं कुठं बघायचं ते न कळून, हाक मारली, "सूनबाई! ये गं. गॉगल घे."

ताई पदर खोचत आली. बायकांमधून कुणी तरी ओरडलं, "आगं, ती टेंपो नाय!" ताई उतरली त्या सीटवर. गिअरचा दांडा दोघांच्या मधे. आबांनी उजवा हात त्यावर ठेवला. "पाय तुजे, हात माजा. मी क्लच म्हनलो की दाब. बाकी समोर तू बग." किल्ली भाऊजींनी स्वतः आणून दिली, आणि दिल्यावरही पळाले नाहीत, नुसते बाजूला झाले.

मी बटण परत चालू केलं. "बाजूला व्हा, बाजूला व्हा मंडळी! पट्टीवर येते कळंबची मडम! बिनबैलांची, बिनछपराची, सासरा-सुनेची जोडी! झेंडा वर... झेंडा पडला! सुऽटली सुटली सुटली!"

पहिला रडला. "क्लच!" ताईनं दाबला, आबांनी ओढला, दुसरा भांडायला लागला. धूळ उठली, पोरं पळायला लागली, बैल पाण्यावरून माना वर करून बघायला लागले, मी बोंबलतोय, "आलीऽ आली आली," आणि मधेच ऐकू आलं, "क्लच!"

मी माइक खाली घेतला. कारण तिसरा लागला होता. काय सांगू! इतके दिवस मी तोंडानं काय करत होतो, पंपच तो. हे गाणंच होतं. भरल्या गळ्याचं, लांब सुराचं, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात गेलेलं. भाऊजी डोळे उघडे ठेवून बघत होते. रिसॉर्टवाल्यानं टेप कधी खिशात घातली ते त्याचं त्यालाच कळलं नसेल. चौथा टाकायला पट्टी उरली नाही.

परत आल्यावर मी माइक घेऊन धावलो. "बोला आबा, नंबर कितवा?"

"दुसरा," आबा म्हणाले.

"अहो, गाडी एकच होती!"

"पयली सूनबाई." आणि डोळे पुसत म्हणाले, गॉगल नव्हता ना, धूळ गेली.

मडम गाळ्यातच आहे. रिसॉर्टवाल्यानं बागेत बैलगाडी ठेवलीय, तिच्यात झेंडू बरा दिसतो. माळ मोकळा असला की सासरा-सून तिसऱ्यात एक चक्कर मारून येतात. पावसाळ्यात मात्र मडम ताडपत्रीखाली असते, छप्पर नाही ना. त्या दिवसांत आबांचा मला खालापूरला फोन येतो. आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नाही, नंबर ताई लावून देते. "तिसरा लाव रं पावन्या," म्हणतात. मी दार लावून घेतो, छाती भरून घेतो आणि लावतो. आता मला तो येतो. खराखुरा ऐकलाय मी, चुकायचं कारणच नाही. पलीकडे आबा कान लावून बसलेले असतात. पाय अर्धा दाबलेला असणार, मला दिसतो तो.

मग आबा म्हणतात, "चुकला. परत कर."