पहिल्या नंबरचे भाऊजी

माणसं जमवणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा वीस जणांना मोबाइलवर ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने लढायला पाठवून दाखवावं. मी गेली दोन वर्षं हेच करते आहे आणि माझ्या नाकी नऊ आले आहेत. दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. कोणाची दाढ कधी काढायची, कोणाला भूल द्यायची, कोण खुर्ची बघूनच पळ काढणार, हे मला चेहऱ्यावरून कळतं. पण दुखरी दाढ घेऊन माणूस निदान येतो तरी. आमच्या गिल्डमधल्या लोकांना नुसतं खेळायला या म्हटलं तरी त्यांचं नेट जातं, चार्जर हरवतो, पाहुणे येतात.

गिल्ड म्हणजे खेळातली आमची वीस जणांची टोळी. दर शनिवारी आमची कुठल्या तरी दुसऱ्या टोळीशी जुंपते आणि रविवारी संध्याकाळी सातला लढाई संपते. त्यांचा एक किल्ला, आमचा एक. प्रत्येकाला एकदाच हल्ला करता येतो. तीन मिनिटांत मधला झेंडा पाडला की एक गुण. सोपं वाटतं ना? घोडं अडतं ते पुढेच. किल्ल्यात तोफा कुठे पुरल्यात आणि कुठला दरवाजा खोटा आहे, हे बाहेरून दिसत नाही. कोणाला तरी आधी आत जाऊन मार खावा लागतो. तो काय पाहून आला यावर मागच्या एकोणीस जणांचं नशीब ठरतं.

हा मार खाणारा माणूस म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान.

भाऊजी बुटांच्या दुकानात विक्रेते आहेत. गिऱ्हाईक आलं की ते खाली गुडघ्यावर बसतात आणि त्याच्या टाचेमागे तो लांब चमचा सरकवून बूट चढवून देतात. गिऱ्हाईक आठ जोड घालून बघतं, आरशासमोर मुरडतं आणि 'बघतो' म्हणून निघून जातं. भाऊजी एकेका बुटात कागदाचा बोळा परत नीट कोंबतात, झाकण लावतात आणि खोके जागच्या जागी ठेवतात. कपाळावर आठी म्हणून नाही. ताई म्हणते, या माणसाशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं, भिंतीवर डोकं तरी आपटता येतं.

गिल्डला विसावा माणूस मिळत नव्हता, तेव्हा मी ताईच्या घरी बसून त्यांच्या फोनवर खेळ घातला. म्हटलं, नुसती जागा भरा. तर हे पहिल्याच लढाईत सगळ्यांच्या आधी आत घुसले आणि पूर्ण तीन मिनिटं मार खात फिरले. हा कोपरा बघ, ते दार ढकल, दुकानातल्या फडताळातून हरवलेला जोड शोधावा तसं. हरल्यावर ग्रुपवर त्यांचा निरोप आला, 'उजवीकडे भिंतीमागे दोन तोफा. मागचं दार खोटं. विहिरीपाशी बर्फ फेकणारी बाई आहे, तिला टाळा.' मी उडालेच. इतर कोणी हरलं की शिव्या घालतं आणि फोन बंद करून बसतं. असं शांतपणे, डोळे उघडे ठेवून हरणारा माणूस लाखात एक. त्या दिवसापासून पहिला नंबर भाऊजींचा.

त्यांचं पथक, म्हणजे खेळात त्यांच्या वतीने लढणारे पाच गडी, मी मुद्दाम दुबळं ठेवलं होतं. यामागे हिशोब होता. समोर कोण येणार हे आपल्या टोळीच्या एकूण ताकदीवरून ठरतं. ज्याला हरायलाच जायचंय त्याचे गडी तगडे कशाला? ते हलके राहिले तर समोरचेही जरा हलके मिळतात. मी भाऊजींना बजावलं होतं, 'काही वाढवायचं नाही. गडी वाढवायची रत्नं मिळाली तरी पडून राहू द्या.' त्यांनी मान डोलावली होती. त्यांच्या मान डोलावण्यावर मी विश्वास ठेवला, हे माझं शहाणपण.

अशा तऱ्हेने धडपडत आम्ही एकदाचे पहिल्या श्रेणीत पोचलो. आणि तिथे पोचल्यापासून माझी झोप उडाली, कारण या मोसमाची शेवटची लढाई हरलो तर आम्ही परत खाली घसरणार होतो. वाघोबाने तर सरळ कळवलं होतं, 'खाली गेलो तर मी आणि माझे चार दोस्त दुसरीकडे.' वाघोबा म्हणजे आमचा सगळ्यात भारी खेळाडू आणि माझ्या डोक्याला सगळ्यात मोठा ताप. पाच जण गेले की गिल्ड मोडली. लोकांना हसू येईल, पण मला ती मोडायला नको होती. दवाखान्यात मी 'जरा बसा हं' म्हणणारी बाई. इथे मी 'आता' म्हटलं की वीस माणसं उठतात. निदान उठायला हवीत.

शनिवारी सकाळी समोरची टोळी कळली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. दर वेळच्यापेक्षा कितीतरी तगडे धटिंगण! असं कसं झालं? मी आमच्यातला एकेक जण तपासायला घेतला. वाघोबा होता तिथेच. बाकीचेही तिथेच. आणि भाऊजींचं खेळातलं पान उघडलं, तर त्यांचे पाचही गडी सोन्याच्या चिलखतात उभे, नखशिखांत मढवलेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत तडक बुटांचं दुकान गाठलं. भाऊजी एका आजोबांच्या पायाशी बसले होते. मला बघून म्हणाले, 'अगं, तू? बस ना. यांचं झालं की आलोच.'

आता दुकानात, परक्या माणसांसमोर, बहिणीच्या नवऱ्यावर ओरडायचं कसं? हीच तर माझी अडचण. दुसरा कोणी असता तर एव्हाना गिल्डबाहेर फेकला असता. आजोबा सावकाश दोन्ही पाय घालून बघत होते, एकदा बसून आणि एकदा चालून. मी दातओठ खात लहान मुलांच्या स्टुलावर बसून राहिले.

'भाऊजी,' आजोबा गेल्यावर मी म्हणाले, 'तुमचे गडी सोन्याचे झालेत.'

'दिसलं का तुला?' त्यांचा चेहरा खुलला. 'बरेच दिवस साठवत होतो.'

'मी सांगितलं होतं ना, वाढवायचं नाही? तुमच्यामुळे आपलं वजन वाढलं! समोर कोण आलेत बघितलंत का? चिरडून टाकतील आपल्याला!'

त्यांचा चेहरा पडला. पायाचं माप घ्यायच्या पट्टीने ते उगाच जमिनीवर रेघ मारत बसले. मग म्हणाले, 'तुझ्या ताईने माझं पान बघितलं. विजय, शून्य. खूप हसली. वाईट बुद्धीने नाही गं. पण मला वाटलं, एकदा तरी जिंकून बघावं.'

चिडायला आलेल्या माणसाला असं काही ऐकवणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे. वर संध्याकाळी ताईचा फोन आला, 'माझ्या नवऱ्याला दर वेळी तोफेच्या तोंडी देतेस आणि वर त्यांनाच बोलतेस?' म्हणजे गिल्ड बुडणार माझी आणि गुन्हेगार मीच.

'ठीक आहे,' मी भाऊजींना कळवलं. 'या वेळी पहिले जाऊ नका. तुमच्यात आता दम आहे, तो वापरू. तुम्ही झेंडा पाडायचा.'

मग पहिलं कोण जाणार? मी ग्रुपवर विचारलं. जे एरवी प्रत्येक गोष्टीत तोंड घालतात ते सगळे मूग गिळून बसले. वाघोबा म्हणाला, 'मी? मी हरायला जाऊ?' एकाचं पोट दुखायला लागलं. एक जण तर ग्रुपवर हजर दिसत होता आणि 'मी प्रवासात आहे, नेट नाही' असं लिहीत होता. दोन वर्षं एक माणूस हे काम निमूट करत होता आणि ते करायला दुसरं कोणीही तयार नव्हतं.

शेवटी मीच गेले. आणि मला हरताच येईना! समोर गडी दिसला की मी भिडत होते. भाऊजींसारखं बाजूने जावं, दारं ढकलून बघावीत, एवढं सुचेल तर शपथ. मिनिटभरात माझा खेळ आटोपला. मधली वाट थोडी दिसली, बाकी किल्ला अंधारात. ग्रुपवर विचारणा झाली, 'काय दिसलं?' मी लिहिलं, 'मधून जा.' यापलीकडे माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तरी मधून जात जात, पडत धडपडत, लोकांनी झेंडे पाडले. वाघोबानेही पाडला आणि त्याची बढाई तासभर वाचावी लागली. रविवारी संध्याकाळी बरोबरी झाली. समोरच्यांचे हल्ले संपले होते. बरोबरी राहिली तर ज्याची ताकद जास्त तो वरचढ, म्हणजे ते. आमचा एकच हल्ला उरला होता, भाऊजींचा. दुकानात गर्दी म्हणून ते बिचारे अडकून पडले होते.

मी धावत दुकानात गेले. मालकाच्या हातापाया पडून भाऊजींना मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. छतापर्यंत खोक्यांच्या चळती, कातड्याचा आणि डिंकाचा वास, मध्ये एक पिवळा दिवा. ते एका खोक्यावर बसले, मी मागे उभी राहिले.

'मधली वाट सगळी माहिती आहे,' मी म्हणाले. 'सरळ जायचं, झेंडा पाडायचा. तुमचे सोन्याचे गडी आहेत. जिंकाल तुम्ही भाऊजी.'

'जिंकेन?' त्यांनी विचारलं.

हल्ला सुरू झाला. पहिलं दार त्यांनी फटक्यात फोडलं. दुसरंही. समोर झेंडा दिसायला लागला. आणि तिथे ते थांबले. त्यांचे पाचही गडी डावीकडे वळले.

'भाऊजी! सरळ!'

'हो, हो. एवढं बघून घेतो.'

'काय बघायचंय? झेंडा समोर आहे!'

'डावीकडे कोणी गेलंच नाही गं अजून.'

'जायचंच नाही तिकडे कोणाला! सरळ चला, भाऊजी, पाया पडते!'

ते परत मागे वळले, पण एक दार ढकलून मगच. मग आणखी एक, ते वाटेतच होतं म्हणे. झेंड्यापाशी पोचले, पहिला घाव घातला, दुसरा घातला, झेंडा कलला आणि वेळ संपली. फोनवर मोठ्या अक्षरांत 'पराभव' उमटलं.

मी पुढच्या चळतीवर थाड्कन हात आपटला. वरची दोन खोकी खाली आली. ग्रुपवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. वाघोबा त्याच मिनिटाला गिल्ड सोडून गेला, मागोमाग त्याचे चौघे. दोन वर्षांची माझी मेहनत त्या पिवळ्या दिव्याखाली उभ्या उभ्या संपली. आणि त्या सगळ्या शिव्यांच्या मधोमध एक निरोप येऊन पडला. भाऊजींचा. 'डावीकडे तीन तोफा. दुसरं दार खोटं. कोपऱ्यात आगवाला लपलाय, जपून.'

मी फोन त्यांच्यापुढे धरला. 'भाऊजी, तुम्ही शेवटचे होतात. लढाई संपली. आता हे कोणाला सांगताय?'

त्यांनी स्वतःचाच निरोप पुन्हा एकदा वाचला. 'अरेच्चा,' ते म्हणाले. 'हो की. मागून कोणी यायचं नाहीये.' मग जरा ओशाळून म्हणाले, 'तुला लागेल असं वाटलं.'

मला रडू फुटलं. गिल्ड मोडली म्हणून तर होतंच, पण त्या माणसाला हरायला मी इतकं चांगलं शिकवलं होतं की समोर उभा असलेला विजय त्याला दिसला नाही, याचं जास्त. ते घाबरले. खिशातून रुमाल काढून पुढे केला आणि पडलेली खोकी उचलायला लागले.

'ते राहू द्या,' मी नाक पुसत म्हणाले. 'उद्या दुकान सुटलं की माझ्याकडे या. आपण पंधरा जण उरलोय, नवे पाच शोधू. खालच्या श्रेणीत सोपे किल्ले मिळतील. तुम्हाला जिंकायला शिकवते.'

'मग पहिलं कोण जाणार?'

'ते मी बघीन! तुम्ही झेंड्याकडे बघायचं, नाकासमोर. परत डावीकडे वळलात तर माझ्याशी गाठ आहे.'

'नाही वळणार,' ते म्हणाले. मग हातातलं खोकं जागेवर सरकवत हळूच म्हणाले, 'पण उजवीकडे काही असलं तर...'

'भाऊजी!'