शिवणीत न सोडलेली माया

चूक माझी होती, आणि तोंड उघडण्याआधीच ती मला कळली होती. तरीही मी बोललो. इतक्या वर्षांनी मनाला खातं ते चुकीपेक्षा ते बोलणं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलच्या आमच्या हौशी नाटक मंडळात कपडेपट माझ्याकडे होता. एरवी मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि उरलेला वेळ आईच्या शिवणयंत्रावर घालवायचो. त्या वर्षीचं नाटक उलटं चालायचं. सुरुवातीला नायिका सत्तरीची, शेवटी सोळाची. मध्यंतर नाही. रंगमंचावरच्या खांबाआड जाऊन तिनं एकेक वय अंगावरून उतरवायचं. सगळ्यात आत परकर-पोलकं, त्यावर मधल्या वयाची हिरवी साडी आणि ब्लाउज, त्यावर म्हातारीचं पांढरं लुगडं आणि लांब बाह्यांची चोळी.

नायिकेचं काम करणाऱ्या ताई दुसऱ्या बाळंतपणानंतर पहिल्यांदाच नाटकात उभ्या राहत होत्या. तान्ह्याला सासूबाईंकडे ठेवून दर रविवारी कळंबोलीहून यायच्या. मापं घेताना त्यांच्या अंगात एकच पातळ ब्लाउज होता. त्याच मापावर मी सगळं कापलं. आतल्या दोन थरांची जाडी बाहेरच्या चोळीत धरायची राहूनच गेली. वर कापड पुरवायचं म्हणून मायाही सोडली नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. कपडा घट्ट झाला की उसवून तेवढा सैल करता येतो.

शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर कपडे घालून पाहायचे होते. चोळीचं बटण काही केल्या काजात जाईना. मी शिवण उलटून पाहिली. आत काहीच नव्हतं.

"काय रे, बसत का नाही?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"मापं बरोबर होती, सर. ताईंचंच अंग सुटलंय."

नवऱ्याचं काम करणारा आमचा नट जवळच्या गावचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "बटन सुटला तं पयल्या रांगेत कोनाचा तरी डोला जाईल!"

हॉल हसला. मीही हसलो.

ताईंनी चोळी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "दुसरी कुणीतरी बघा. बारीक," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दिग्दर्शक त्यांच्या घरी जाऊन आले. त्या एकदाच यायला तयार झाल्या. कपडे बसले तर काम करणार, नाहीतर पुन्हा विचारायचं नाही.

मी सगळं उसवायला बसलो. तेव्हा दुसरी गोष्टही लक्षात आली. म्हातारी सगळ्यात कृश दिसायला हवी, आणि तिच्याच अंगावर सगळ्यात जास्त कापड! हिरव्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून येणार होता, म्हणून तिच्या आतल्या ब्लाउजची पाठ मी काढूनच टाकली. साडीच्या निऱ्या फक्त दर्शनी ठेवून ती शिवून घेतली. चोळी मऊ मलमलीची नव्यानं कापली, काखेत जोड दिला. बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावली, तर दिग्दर्शक म्हणाले, "म्हातारीच्या दुःखात हे चर्रर्र कशाला?" मग टिचबटणं लावली.

पुढच्या रविवारी ताई आल्या. माझ्याकडे न बघताच तिन्ही थर चढवून बाहेर आल्या. दिग्दर्शक म्हणाले, "बसा. उठा. हात वर करा." त्यांनी सगळं केलं. मग पाठीत वाकून खोकत खोकत खांबाआड गेल्या. हिरवी साडी बाहेर आली. पुन्हा गेल्या, आणि परकर सावरत एक मुलगी धावत आली. कुठे काही अडकलं नाही, फाटलं नाही.

"श्वास घेता येतोय," त्या म्हणाल्या. "करते मी काम."

आता गप्प राहिलो असतो तरी नाटक झालंच असतं.

ताईंनी खांबामागून ती पांढरी चोळी आणली, उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "या वेळी माया भरपूर सोडलीत, दादा. मागच्या वेळी किती होती?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळे आजूबाजूलाच होते, तो फटकळ नटही.

"नव्हतीच, ताई," मी म्हणालो. "मापही मीच चुकवलं होतं. तुमचं अंग सुटलंय म्हणालो तेव्हा मला दोन्ही ठाऊक होतं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. मी खोटं बोललो. माझं चुकलं, मला माफ करा."