मास्तरांचा नियम

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवाला सांगायची तर आधी तो आहे असं मानावं लागणार — आणि एका खोट्याची कबुली देताना दुसरं कशाला बोला? तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही समोर नाही. जो समोर आहे त्याला सांगायचं म्हणून मी कितीदा तरी त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो, कंदिलाची एक काच विकत घेतली आणि परत आलो. आमच्या घरात आता कंदिलांपेक्षा काचा जास्त आहेत. बायको विचारते, "अहो, हे कसलं व्यसन म्हणायचं?"

काय सांगू तिला?

मी लोणावळ्याला शाळेत इंग्रजी शिकवत असे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. घाटातल्या गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, मुंबईकरांच्या बंगल्यांत दिवे आले होते, पण बाजारपेठेत कंदीलच होते, आणि कंदील होते म्हणून हुसेनचं दुकान होतं. काचा, वाती, रॉकेलची नरसाळी. दुकान त्याच्या वडिलांचं. ते मूळचे नवलाख उंबरे गावचे, सगळा बाजार त्यांना आबा म्हणे. दुकानापुढे एक बाकडं होतं. संध्याकाळी त्यावर बुद्धिबळाचा कापडी पट पसरलेला असे, आणि पटाभोवती माणसं.

हुसेन माझ्या शाळेतला सोबती. तळेगावला आम्ही शेजारी बसायचो. मॅट्रिकला तो पहिल्या खेपेला पास झाला आणि दुकानात बसला. मी दुसऱ्या खेपेला पास झालो आणि शिक्षक झालो. शिक्षणखात्याचा न्याय असा असतो. दुकानात बसून त्याने बाजाराची बोली उचलली होती आणि ती तो मुद्दाम, चवीने बोलायचा. मला मात्र 'मास्तर' म्हणायचा. थट्टेने सुरू झालं असेल — पण पुढे पुढे त्यात खरा मान होता. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर सांगायला जड जातं.

आता हेवा. हा शब्द कागदावर लिहिला की किती लहान दिसतो!

हुसेन खेळायला बसला की पाच मिनिटांत गर्दी जमे. मी बसलो की गर्दीला घरची कामं आठवत. माझा खेळ शुद्ध होता. मुंबईला जुन्या बाजारात मला बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, ते मी पाठ केलं होतं. त्यात नवशिक्यांना पहिलाच उपदेश असा, की वजीर लवकर बाहेर काढू नये; आधी घोडे, उंट बाहेर आणावेत, राजा सुरक्षित करावा. मी हा उपदेश बाकड्यावर सर्वांना करत असे. आणि हुसेन? तिसऱ्या-चौथ्या खेळीला त्याचा वजीर पटभर हुंदडायला निघालेला.

"वजीर मागाहून काढायचा असतो, हुसेन," मी म्हणे.

"मास्तर, वजीर म्हंजी काय नवी नवरी हाय, उंबऱ्याआड बसवायला?"

माणसं हसत. आणि मी हरे. एखादेवेळी नाही — जवळजवळ नेहमी. शुद्ध खेळून हरण्यात जी बेअब्रू आहे ती अशुद्ध खेळून हरण्यात नाही, हे ज्याने भोगलं त्यालाच समजेल.

त्याच्या त्या घाईत एक हिशेब होता, तो सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या देशी खेळात राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मात्र एक अट: तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसावा. शह बसला की उडी गेली. हुसेनचा वजीर मात करायला निघायचाच नाही. तो नुसता एक शह द्यायला निघायचा. शह दिला, की हुसेन मांडीवर थाप मारून म्हणायचा, "घ्या, राजा लंगडा!" मग तो लंगडा राजा आपल्याच घरात कोंडला जायचा, आणि हुसेन सावकाश त्याचा समाचार घ्यायचा.

विलायती खेळात उडी नाही. तिथे किल्लेकोट असतो. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे बसतो. राजा आणि हत्ती तोवर जागचे हललेले नसावेत. चालू शहातून हे करता येत नाही. पण शह येऊन गेला असेल, मध्ये मोहरं घालून तो अडवला असेल, तर हरकत नाही. पुस्तकात हे स्वच्छ लिहिलं होतं. मला ते माहीत होतं. 'बहुधा माहीत होतं' असं लिहायला हात शिवशिवतो आहे — पण नाही. माहीत होतं.

एका मे महिन्यात एक रावसाहेब हवा खायला आले आणि त्यांनी बुद्धिबळांचे सामने जाहीर केले. बंगल्याच्या अंगणात मांडव, गुलाबदाणी, रावसाहेबांसाठी अध्यक्षांची खुर्ची, आणि टेबलावर चांदीचा कप. कप एवढा मोठा, की त्यामागे अध्यक्ष दिसत नसत. ती एक सोयच होती. उद्घाटनाच्या भाषणात रावसाहेबांनी बुद्धिबळाला राष्ट्रीय पुनरुत्थानाचं साधन म्हटलं आणि खाली बसल्यावर मला हळूच विचारलं, "मास्तर, तिरका चालतो तो घोडा की उंट?" कप विलायती, म्हणून नियमही विलायती ठरले. गावात त्या नियमांचं पुस्तक माझ्याकडेच होतं. मी पंच झालो.

खरं सांगू? मला खेळायचंही बोलावणं होतं. पण मांडवात, गुलाबदाणीसमोर, हुसेनकडून हरायचं नव्हतं. पंचाला कुणी हरवू शकत नाही.

हुसेनला मी पुस्तक देऊ केलं होतं. तो इंग्रजी वाचू शकत होता, माझ्याइतकंच. म्हणाला, "तुमी वाचलंय न्हवं? मग मी कशाला डोळं फोडू? अडलो तर इचारीन."

सामन्यांच्या आधी आबांनी त्याला माझ्यादेखत समोर बसवलं. गिऱ्हाइकं काचा घ्यायला येऊन तिष्ठत उभी राहतात आणि हा शह देत बसतो, म्हणून म्हातारा फार दुखावलेला होता. "कप आनलास तर खेळ जन्मभर," ते म्हणाले, "मी एक सबूद बोलनार न्हाई. न्हाई आनलास तर पटाला हात लावायचा न्हाई. मास्तर साक्षी."

हुसेन हसला आणि त्याने वडिलांच्या हातावर हात ठेवला. जिंकण्याची त्याला इतकी खात्री होती. मलाही होती. कप आणला तर जन्मभर. म्हणजे जन्मभर ते बाकडं, ती गर्दी, ती मांडीवरची थाप. आणि जन्मभर मी, पुस्तक पाठ असलेला, कडेला उभा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा कुणी हेवा करतो का? मोठ्या गोष्टींचा हेवा करायला माणूस मोठा लागतो. मी बाकड्याएवढा होतो.

हुसेन शेवटच्या डावापर्यंत गेला. समोर पुण्याचे एक वकील, सावध गृहस्थ, खेळी करण्याआधी सोंगटीला दोनदा शिवणारे. हुसेनने नेहमीप्रमाणे वजीर काढला. पण वकिलांनी त्याच्यामागे घोडे लावले. ते पुढे आले, हुसेनचा वजीर मागे हटत राहिला; प्रत्येक हटण्यासरशी वकिलांचं एकेक मोहरं फुकटात बाहेर पडलं. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसंच. मला आनंद झाला, तो लपवायला मी घड्याळाकडे पाहिलं.

मग वकिलांनीच वजिराने समोरून शह दिला. मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "हुसेनभाऊ, तुमचाच राजा लंगडा की वो!" मांडव हसला. हुसेनही हसला. त्याने उंट आडवा घातला. शह संपला. वकिलांनी एक प्यादं सरकवलं.

आता हुसेनचा राजा आणि हत्ती जागच्या जागी होते, मधली घरं मोकळी होती. एक किल्लेकोट, आणि राजा सुखरूप कोपऱ्यात. मग तो डाव हुसेनच्या हातचा होता. त्याने राजावर बोट ठेवलं — ठेवलं नाही, नुसतं नेलं — आणि थांबला. देशी खेळाची जन्माची सवय. वर माझ्याकडे पाहून म्हणाला:

"मास्तर, शह खाल्लाय मी. विलायतीत जातो का राजा किल्ल्यात?"

किती सरळ प्रश्न! त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मला विचारलं की खरं ते कळणार, एवढंच होतं त्याच्या तोंडावर. वकिलांनीही माझ्याकडे पाहिलं; त्यांनाही माहीत नव्हतं. त्या सगळ्या मांडवात उत्तर माहीत असलेला मी एकटा होतो.

मी म्हणालो, "नाही. शह बसला की हक्क गेला."

कुणाला शंका आली नाही. कशी येईल? सगळे देशी खेळणारे. त्यांच्या कानाला हेच ओळखीचं वाटलं. अध्यक्षांनी कपामागून मान डोलावली. हुसेन "बरं" म्हणाला आणि त्याने दुसरीच खेळी केली.

राजा मधल्या उभ्या रांगेत राहिला. वकिलांनी ती रांग मोकळी केली, हत्ती आणला, दुसरा हत्ती आणला. आडवा घातलेला उंट जागचा हलू शकत नव्हता, तो गेला. त्याच्या मागोमाग सगळं गेलं. शेवटी हुसेनने स्वतःच राजा आडवा केला, वकिलांशी हात मिळवला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमी बरोबर होता, मास्तर. वजीर लवकर काढू नये."

त्या वेळी तरी सांगता आलं असतं. पंच चुकला म्हणायचं, डाव पुन्हा मांडायचा. चुकलो म्हणण्याचीही गरज नव्हती — विसरलो म्हटलं असतं तरी लोकांनी चालवून घेतलं असतं. पण रावसाहेबांचं समारोपाचं भाषण सुरू झालं होतं, आणि मी त्यात चुका मोजत बसलो.

हुसेनने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पट आणि सोंगट्यांची पिशवी घेऊन माझ्या घरी आला. "घरात दिसलं की हात शिवशिवतो. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." त्या सोंगट्यांना लाखेचा रंग आहे. सगळ्यांचा शाबूत, फक्त त्याच्या वजिराचा डोक्यापासून कमरेपर्यंत बोटांनी झिजून गेलेला. मी तो पट एकदाही उघडला नाही. कुणाशी खेळू? हरवणारा गेला, की जिंकणारा होता येतं असं मला वाटलं होतं.

पुढे आबा गेले. शब्द सोडवणारं कुणी उरलं नाही.

बाकडं मात्र रिकामं राहिलं नाही. आता तिथे दुसरे लोक दुसरा पट आणतात. विलायतीच खेळतात, तीच रीत पडली आहे. हुसेन गल्ल्यावर बसून नुसता पाहतो. शह बसला, की तोच आतून ओरडतो, "संपला आता किल्ला! मास्तरांचा नियम हाय." बाजारात त्या नियमाला हेच नाव पडलं आहे. वलवणापासून कार्ल्यापर्यंत लोक असंच खेळतात. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यातलं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एवढं मात्र राहिलं.

गेल्या रविवारी मी पेठेतून चाललो होतो. पुण्याहून आलेला एक तरुण प्रोफेसर बाकड्यावर वाद घालत होता: शह येऊन गेला तर किल्लेकोट करता येतो, जगभर करतात. हुसेन दुकानातून उतरून खाली आला होता. केस पांढरे, गळ्याच्या शिरा ताठ. "जगाचं सांगू नका सायेब. आमच्या मास्तरांनी इंग्रजी पुस्तक वाचून सांगितलंय. ह्याच नियमानं मी कप हारलोय, खोटा कसा आसंल?" तेवढ्यात त्याला मी दिसलो, आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघा, आलेच! मास्तर, सांगा वो ह्यांना."

सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "शह बसला की हक्क जातो."

प्रोफेसरने खांदे उडवले. हुसेनने मांडीवर थाप मारली — इतक्या वर्षांनी पहिल्यांदा — आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो मी प्यालो. निघताना एक काच घेतली.