बी.ए. झाल्यावर बारावी

अस्मिता खंदारे सीईटी पास झाली होती. मार्कही बरे होते. पनवेलकडच्या एका लॉ कॉलेजात, तीन वर्षांच्या वकिलीच्या कोर्सला, तिचं नाव लागलं होतं. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "बारावीची मार्कशीट?"

"मी बी.ए. आहे," अस्मिता म्हणाली.

"ते दिसतंय. बारावी?"

बारावी नव्हती. प्रवेश गेला.

त्या दिवशी ती घरी न जाता आधी माझ्याकडे आली. कामोठ्यात तिची बिल्डिंग माझ्या समोरच आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण 'मॅडम' ही उपाधी काही सुटत नाही, आणि लोकांची रडगाणीही सुटत नाहीत. अस्मिता मात्र रडली नाही. सोफ्याच्या कडेला बसली, पंख्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाणी द्या ना, मॅडम. मग सांगते."

आमची ओळख झाली बेलापूरला कोर्टाजवळ. फ्लॅटच्या कागदांवर माझं नाव एक आणि पेन्शनच्या कागदांवर दुसरं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. एका नोटरीच्या टेबलाशी ही बाई टायपिंग करत बसलेली. मी आपली सवयीने सूचना देत होते. तिने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, जरा गप्प बसता का? चुकतंय माझं." मला आवडली. आजकाल म्हाताऱ्या माणसांना कोणी गप्प बसवत नाही, नुसतं ऐकल्यासारखं करतात.

जिंतूरजवळच्या खेड्यातली पोर. दहावीला चांगले मार्क होते, पण लगेच लग्न झालं आणि ती कामोठ्याला आली. नवरा धम्मपाल तळोज्याच्या कारखान्यात फिटर. सासरे हौसेराव एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, आता गुडघे गेले म्हणून घरीच असतात. मुलगी सोनम शाळेत जाते. अस्मिताने टायपिंग शिकून घेतलं आणि कोर्टाच्या दारात येऊन बसली.

वकील कशाला व्हायचंय, असं मी तिला एकदा विचारलं होतं. मला वाटलं, आता समाजसेवेवर भाषण ऐकावं लागणार. ती म्हणाली, "मॅडम, लोक माझ्यासमोर बसतात. नवरा मारतो, भाऊ हिस्सा देत नाही, सगळं मला सांगतात. रडतात पण. मी टाइप करते. झालं की डोळे पुसतात आणि विचारतात, वकील कधी येतील? मला एकदा म्हणायचंय, मीच हाय, बोला."

एवढंच कारण. पुरेसं आहे.

बी.ए. तिने मुक्त विद्यापीठातून केली. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता यायचं, तशी ती बसली. यात फसवाफसवी काही नाही. ती पदवी पुष्कळ ठिकाणी चालते, नोकरीलाही चालते. वकिलीचं मात्र वेगळं आहे. तिथे दहावी, मग बारावी, मग पदवी, असंच चढून यावं लागतं. मधली पायरी गाळून घेतलेली पदवी धरत नाहीत.

मग हे तिला आधी कोणी सांगितलं नाही का? हाच तर माझ्या संतापाचा विषय आहे. बी.ए.ला कोणते विषय घेऊ, हे तिने कोर्टातल्या वकिलांनाच विचारलं होतं. चहाच्या टपरीवर मोठी सभा भरली म्हणे. ज्यांच्यासाठी ती टाइप करायची ते मोकल वकील म्हणाले, "राज्यशास्त्र घे, राज्यघटना सोपी जाते." दुसऱ्यांचं म्हणणं, "छे! इंग्रजी घे. जजसमोर मराठीत अडखळशील तर चालेल, इंग्रजीत नाही." तिसऱ्यांनी इतिहासाची बाजू घेतली, कारण ते स्वतः इतिहासवाले होते. चहाचे दोन राउंड झाले. खरं तर लॉच्या प्रवेशाला पदवीचा विषय कोणी विचारतच नाही. पदवीला ठरलेले किमान टक्के हवेत, बाकी सगळं सीईटीवर. पण वाद घालायची सवय लागलेली माणसं. आणि तिची बारावी झाली आहे का, हे त्या सभेत एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्यांच्या घरात बारावी न झालेलं माणूसच नसेल, तर सुचणार कसं?

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

ती पाण्याचा ग्लास फिरवत बसली. "लाज वाटायची. सगळे काळे कोटवाले. त्यांच्यात मी दहावी हाय, असं कुठं सांगू? बी.ए. करतेय म्हटलं की आदर द्यायचे."

मी तिच्या हातातला ग्लास घेतला आणि पुन्हा भरून आणला.

मोकल वकिलांना कळलं तेव्हा ते तिच्यापेक्षा जास्त खवळले. हायकोर्टात जाऊ, रिट टाकू, फी नको मला, म्हणाले. माणूस मनाने चांगला. मी अस्मिताला स्पष्ट सांगितलं, "जा हायकोर्टात. निकाल येईपर्यंत तू आजी होशील. आणि हरलीस तर हातात बारावीही नसेल."

"मग काय करू?"

"बारावी कर."

"बी.ए. झाल्यावर?"

"हो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस. बारावी झाली की पाच वर्षांच्या लॉला थेट जाता येतं, वयाची अट नाही. ही बी.ए. धरत नाहीत, मग दुसरी बी.ए. करून त्यावर तीन वर्षं लॉ, हा धंदा कशाला?"

ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "मॅडम, थकले मी. खरंच. नको वाटतंय आता."

"मग नको करूस. कोणी जबरदस्ती केलीय?"

हे मी तिला चिडवायला म्हटलं नव्हतं. काही माणसं सोडून देतात आणि बरी राहतात. त्यात कमीपणा नसतो.

पुढे महिनाभर ती आली नाही. मग एका रविवारी मीच त्यांच्या घरी गेले. धम्मपाल रात्रपाळी करून आत झोपला होता. हौसेराव गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"या, मॅडम. सूनबाई नवऱ्याशी बोलंना, माझ्याशी बोलंना. कोर्टात काय बोलायली देव जाणे."

"मामा, तुम्ही गप बसा ना," आतून अस्मिता.

"गपच हाय की. तू बी.ए. झालीस तवा आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले मी. आता बारावी झालीस की पुन्हा वाटू का? लोकं म्हणतील, म्हातारं चळलं."

"कोण बसतंय बारावीला?"

"मग काय, जन्मभर त्या टेबलाशीच बसणार हायस का?"

तिने चहाचं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवलं. आत धम्मपालने कूस बदलली. ती बाहेर आली आणि माझ्याकडेच बघून म्हणाली, "विषय कोणते घेऊ? आणि राज्यशास्त्र म्हणू नका. बी.ए.ला पोटभर खाल्लंय मी ते."

"मार्क पडतील ते घे. प्रवेशाला बारावीचे किमान टक्के लागतात, बाकी सीईटी. विषयात जीव अडकवू नकोस."

"सहकार घे," हौसेराव म्हणाले. "सोपा हाय म्हणतेत."

"तुम्हाला कोणी सांगितलं, मामा?"

"मार्केटात हमाली केली, कान थोडेच भाड्याने दिले होते?"

तिने सहकार घेतला. समाजशास्त्र घेतलं. माझं अर्थशास्त्र घेतलं नाही, नाकारताना माझ्याकडे बघितलंही नाही. सीईटीच्या इंग्रजीसाठी मात्र मी तिला सोडलं नाही. रोज एक अग्रलेख वाचायचा आणि संध्याकाळी मला चार वाक्यांत सांगायचा. कधी कधी ती वाचता वाचता झोपायची. मी उठवत नसे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, रात्री भाकऱ्या, सोनमचा अभ्यास. माणूस किती ओढणार?

फेब्रुवारीत ती एका शाळेत सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत पेपरला बसली. पर्यवेक्षकाने तिला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं. घरी येऊन हे सांगताना मात्र ती पोट धरून हसली.

पास झाली. पुन्हा सीईटी दिली, या खेपेला पाच वर्षांच्या कोर्सची. या वेळी मार्क मागच्यापेक्षा कमी पडले, कारण परीक्षेच्या आठवड्यात सोनमला ताप होता. तरी पाच वर्षांच्या लॉला, सकाळच्या वर्गात, तिचा नंबर लागला. टायपिंग दुपारनंतर करायचं ठरलं. मोकल वकील म्हणाले, "चालेल. सकाळी तसंही कोर्टात नुसत्या तारखाच मिळतात."

प्रवेशाच्या दिवशी मी सोबत गेले. खिडकीमागच्या माणसाने दहावी घेतली, बारावी घेतली, जातीचा दाखला घेतला. बी.ए.ची पदवी उलटी करून बघितली आणि परत सरकवली.

"हे लागत नाही. घेऊन जा."

"राहू दे ना फाईलीत," अस्मिता म्हणाली.

"कशाला, ताई? उगाच हरवेल."

तिने ती घेतली. बाहेर येऊन आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. ऊन चांगलंच तापलं होतं. मी म्हटलं, मिळाला ना प्रवेश, मग तोंड का असं?

"पाच वर्षं हायेत, मॅडम," ती म्हणाली. "आत्ता कुठं पहिला दिवस."

रिक्षा आली. सीटवर बसताच ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, ती थेट कामोठं येईपर्यंत.