दादांचा ताप

सत्तरच्या दशकात परभणीत जनावरांचे रोग तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी नोकरीला लागलो. काम शिकवलं ते माझ्या वरच्या तंत्रज्ञांनी. त्यांना सगळे दादा म्हणत. पेडगावकडच्या बौद्ध कुटुंबातले, घरात पहिलेच शिकलेले. टेबल फिनाईलने पुसल्याशिवाय ते कामाला बसत नसत. "दिसंनात म्हणून जंतू न्हाईत, असं समजू नको," म्हणायचे.

एका उन्हाळ्यात मानवतकडच्या गाई गाभ टाकायला लागल्या. त्या रोगाचे जंतू आम्ही काचेच्या नळ्यांत वाढवले होते. नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात एक नळी फुटली. झाकणाचं रबर कधीचंच झिजलेलं. नवीन मागून मागून आम्ही थकलो होतो. दादांनी यंत्र बंद केलं, पंखा बंद केला आणि आम्हाला बाहेर पिटाळलं. बऱ्याच वेळाने तोंडाला फडकं बांधून ते एकटेच आत गेले आणि सगळं कार्बोलिकने धुऊन आले. पण यंत्र थांबेपर्यंत जे हवेत मिसळायचं ते मिसळलं होतं.

काही आठवड्यांनी त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरायचा. सांधे धरले. रक्तात तेच जंतू निघाले.

रजा संपवून ते परतले तेव्हा चहाच्या ट्रेमध्ये त्यांचा कप नव्हता. तो खिडकीत वेगळा ठेवला होता.

मी म्हणालो, "दादा, हा रोग कपातून पसरत नाही. इथं सगळ्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक हाय, त्याचंच वाईट वाटायलंय. गावात आमचा कप येगळा असायचा तवा म्हणायचो, लोक अडाणी हायत."

त्या दिवसापासून त्यांनी ऑफिसात चहा घेतला नाही. टेबलाशी उभं राहणं जमेना, तेव्हा बदली मागून मानवतला कारकुनी कामावर गेले.

दोनेक वर्षांनी तिथल्या एसटी स्टँडवर भेटले. बाकाला धरून उठले. ताप अधूनमधून येतच होता. मुलीला कॉमर्सला घातलंय, म्हणाले.

"तिला सायन्स आवडत नाही का?"

"लय आवडतं," ते म्हणाले, आणि माझी गाडी लागली का ते बघायला लागले.